कराड लोकसभा मतदारसंघ (१९५७–२००८) : सातारा–सांगली प्रदेशातील बदलत्या निवडणूक-सीमांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

कराड लोकसभा मतदारसंघ १९५७ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात होता. २००८ मध्ये अमलात आलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेने तो संपुष्टात आला. आपल्या अखेरच्या स्वरूपात या मतदारसंघात सातारा जिल्ह्यातील कराड व पाटण आणि सांगली जिल्ह्यातील वाळवा व शिराळा हे प्रदेश एकत्र होते. १९४९ मध्ये विभागल्या गेलेल्या जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग संसदीय प्रतिनिधित्वाच्या पातळीवर याच मतदारसंघाने जोडून ठेवले होते. प्रस्तुत शोधनिबंधात या मतदारसंघाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, वाटचाल, विसर्जनाची कारणे व परिणाम यांचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : कराड, सातारा, सांगली, मतदारसंघ पुनर्रचना, जिल्हा विभाजन, संसदीय प्रतिनिधित्व.

प्रस्तावना

संसदीय लोकशाहीत मतदारसंघ हा प्रतिनिधित्वाचा मूलभूत घटक आहे. निवडणुकांच्या अभ्यासात उमेदवार, पक्ष, जात व मतांची टक्केवारी यांची चर्चा विपुल प्रमाणात होते. परंतु ज्या सीमेच्या आत ही निवडणूक घडते, ती सीमा कशी आखली गेली, केव्हा बदलली आणि त्या बदलाने कोण कोणापासून वेगळे झाले, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. सीमा ही स्थिर व नैसर्गिक बाब आहे असे आपण नकळत गृहीत धरतो. वस्तुतः सीमेलाही इतिहास असतो.

दक्षिण महाराष्ट्रातील सातारा व सांगली हे जिल्हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. स्वातंत्र्यापूर्वी त्यांचा मोठा भाग एकाच जिल्ह्यात होता. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत त्यांची प्रशासकीय फारकत झाली. मात्र कृष्णाकाठची शेती, सहकार, नातेसंबंध आणि स्वातंत्र्यलढ्याच्या स्मृती यांनी ही रेषा मानली नाही. कराड लोकसभा मतदारसंघ हे या न मानलेल्या रेषेचे निवडणुकीच्या नकाशावरील रूप होते. म्हणूनच त्याचे विसर्जन ही केवळ तांत्रिक घटना मानून पुढे जाणे योग्य ठरणार नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन आणि निवडणूक-सीमा यांचा परस्परसंबंध तपासणे.
२) कराड लोकसभा मतदारसंघाच्या वाटचालीचा आढावा घेणे.
३) २००८ च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ का टिकला नाही याची कारणमीमांसा करणे.
४) त्यामुळे या प्रदेशाच्या प्रतिनिधित्वात झालेल्या बदलांचे मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संविधानातील तरतुदी, पुनर्रचनाविषयक कायदे, २००१ व २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या आणि निवडणुकांचे निकाल यांच्या आधारे विवेचन केले आहे. जिल्हानिहाय जागांचे गणित जनगणनेच्या आकड्यांवरून प्रस्तुत निबंधासाठी मांडले आहे.

१. जुना सातारा जिल्हा आणि त्याचे विभाजन

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याच्या गादीवर स्थापित केले. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले आणि १८४८ मध्ये शहाजी तथा अप्पासाहेब महाराज यांच्या निधनानंतर सातारा राज्य खालसा झाले. या राज्याच्या मुलखातून सातारा जिल्हा आकारास आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाई, जावळी, सातारा, कोरेगाव, पाटण, कराड, वाळवा, तासगाव, खानापूर, खटाव व माण असे अकरा तालुके या जिल्ह्यात होते. शिराळा हा वाळवा तालुक्याचा पेटा होता. म्हणजे आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, शिराळा, तासगाव व खानापूर हे प्रदेश जवळजवळ शंभर वर्षे साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत होते. त्यांच्या आसपास व मध्ये सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशा संस्थानांचे मुलूख विखुरलेले होते.

संस्थानांचे १९४८ मध्ये विलीनीकरण झाल्यानंतर हा विस्कळीत नकाशा नव्याने आखणे अपरिहार्य झाले. १ ऑगस्ट १९४९ रोजी उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे अस्तित्वात आले. कराड व पाटण उत्तर साताऱ्यात राहिले, तर वाळवा, शिराळा, तासगाव व खानापूर हे प्रदेश सांगली, मिरज, जत या संस्थानी मुलखांसह दक्षिण साताऱ्यात गेले. औंध संस्थानाचेही भाग वेगळे झाले. औंध उत्तरेकडे राहिले, तर आटपाडी व कुंडल दक्षिणेकडे गेले. पुढे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर २१ नोव्हेंबर १९६० पासून दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले आणि उत्तर सातारा पुन्हा केवळ सातारा झाला. नावातील ‘सातारा’ गेल्याबरोबर दक्षिणेच्या तालुक्यांचे जुने नातेही कागदोपत्री पुसले गेले.

येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. उत्तर व दक्षिण ही विभागणी निवडणुकीच्या नकाशावर प्रशासकीय विभाजनाच्या आधीच आली होती. जिल्हा अखंड असतानाच १९४६ मध्ये यशवंतराव चव्हाण मुंबई प्रांताच्या विधानसभेवर ‘दक्षिण सातारा’ या मतदारसंघातून निवडून गेले होते. अर्थात मतदारसंघाची रेषा नेहमी जिल्ह्याच्या रेषेमागून चालते असे नाही.

२. पहिल्या निवडणुका : सीमा ओलांडण्याची परंपरा

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारसंघांची रचना राष्ट्रपतींच्या आदेशांद्वारे झाली. त्या वेळी या परिसरात उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे लोकसभा मतदारसंघ होते. त्यांतून अनुक्रमे गणेश सदाशिव आळतेकर व व्यंकटराव पवार निवडून आले. याखेरीज कोल्हापूर व सातारा ही दोन्ही नावे एकत्र धारण करणारा एक द्विसदस्यीय मतदारसंघही त्या निवडणुकीत होता. तेथून रत्नाप्पा कुंभार व बाळासाहेब खर्डेकर लोकसभेवर गेले. म्हणजेच पहिल्या लोकसभेपासूनच या प्रदेशात जिल्ह्याची हद्द ओलांडणारा मतदारसंघ अस्तित्वात होता. २००८ मध्ये सांगलीचा काही भाग कोल्हापूरला जोडला गेला तेव्हा ती अभूतपूर्व घटना असल्याचा समज झाला. पहिल्या निवडणुकीचा नकाशा पाहिल्यास तो समज टिकत नाही.

१९५२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पहिल्या पुनर्रचना आयोगाच्या कार्यानंतर १९५७ ची निवडणूक नव्या रचनेनुसार झाली आणि कराड हे नाव लोकसभेच्या नकाशावर आले. त्याच निवडणुकीत सातारा मतदारसंघातून क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे विजयी झाले. नाना पाटील हे वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे. त्यांचे गाव १९४९ मध्येच दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. तरीही साताऱ्याच्या मतदारांनी त्यांना परके मानले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची लाट हे या विजयाचे प्रमुख कारण होते. मात्र आठ वर्षांपूर्वी आखलेली जिल्ह्याची रेषा लोकमानसात अद्याप रुजली नव्हती, हेही या निकालातून दिसून येते.

३. कराड मतदारसंघाची वाटचाल

१९५७ ते २००४ या काळात कराड मतदारसंघात तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांतून पुढील प्रतिनिधी लोकसभेत गेले.

१९५७, १९६२, १९६७, १९७१ : दाजीसाहेब चव्हाण
१९७३ (पोटनिवडणूक), १९७७ : प्रेमलाताई चव्हाण
१९८० : यशवंतराव मोहिते
१९८४, १९८९ : प्रेमलाताई चव्हाण
१९९१, १९९६, १९९८ : पृथ्वीराज चव्हाण
१९९९, २००४ : श्रीनिवास पाटील

या यादीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे दीर्घकालीन सातत्य. १९८० ते १९८४ हा कालखंड वगळता १९५७ पासून १९९९ पर्यंत या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व एकाच कुटुंबातील तीन व्यक्तींनी केले. दाजीसाहेब चव्हाण केंद्रीय मंत्रिमंडळात होते. पृथ्वीराज चव्हाण पुढे २०१० ते २०१४ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. दुसरी गोष्ट म्हणजे १९९९ चा बदल. काँग्रेस पक्षात फूट पडून राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना झाली आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी पृथ्वीराज चव्हाण यांचा पराभव केला. मतदारसंघाच्या सीमा त्याच असताना केवळ राजकीय फेरमांडणीमुळे चार दशकांचे सातत्य खंडित झाले. सीमा हा निकालावर परिणाम करणारा एक घटक आहे, परंतु एकमेव घटक नाही, हे यातून सूचित होते.

याच संदर्भात यशवंतराव चव्हाण यांचे उदाहरण लक्षणीय आहे. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होते. आज ते सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे. त्यांचे शिक्षण व सार्वजनिक जीवनाची जडणघडण कराडला झाली. मात्र १९६७, १९७१, १९७७ व १९८० या चार सार्वत्रिक निवडणुकांत ते सातारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. जन्मगाव सांगली जिल्ह्यात, कर्मभूमी कराड मतदारसंघात आणि प्रतिनिधित्व साताऱ्याचे, असे हे त्रिस्थळी नाते आहे. जुना सातारा जिल्हा नजरेसमोर ठेवला तर मात्र ही तिन्ही स्थळे एकाच घरातील दालने ठरतात.

४. सीमेपलीकडचा एकजिनसी प्रदेश

१९७६ च्या रचनेनंतर महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ व विधानसभेच्या २८८ जागा निश्चित झाल्या. त्यामुळे प्रत्येक लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ असे प्रमाण आले. या रचनेतील कराड लोकसभा मतदारसंघात कराड उत्तर, कराड दक्षिण व पाटण हे साताऱ्याकडील, तर वाळवा व शिराळा हे सांगलीकडील विधानसभा मतदारसंघ समाविष्ट होते. हा प्रदेश एकत्र का नांदला याची कारणे भूगोलात, अर्थव्यवहारात व इतिहासात आढळतात.

कराड येथे कृष्णा व कोयना यांचा संगम होतो. तेथून कृष्णा आग्नेयेकडे वळून वाळवा तालुक्याच्या उत्तरेकडून पुढे जाते. पुणे–बंगळूर महामार्ग कराडहून वाळवा तालुक्यातून पुढे कोल्हापूरकडे जातो. कराडची बाजारपेठ, महाविद्यालये व रुग्णालये ही दोन्ही जिल्ह्यांतील गावांना सोयीची आहेत.

सहकाराच्या क्षेत्रात हे नाते अधिक ठळक दिसते. कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुक येथील कृष्णा सहकारी साखर कारखान्याचे कार्यक्षेत्र कराडबरोबरच वाळवा व पूर्वीच्या खानापूर तालुक्याच्या भागात पसरलेले आहे. या कारखान्याच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत दोन्ही जिल्ह्यांतील सभासद आजही एकत्र मतदान करतात. लोकसभेच्या नकाशावरून पुसली गेलेली सीमापार एकात्मता उसाच्या नकाशावर अशा रीतीने टिकून आहे.

ऐतिहासिक स्मृतींचा धागा तर त्याहून जुना आहे. १९४२ च्या आंदोलनात ९ सप्टेंबरला वडूज येथे व १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार झाला. पुढे १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याची केंद्रे प्रामुख्याने आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल, वाळवा या परिसरात होती. तुफान सेनेच्या कार्यकर्त्यांनी १९४३ च्या जूनमध्ये सरकारी पगार नेणारी गाडी लुटली ती कराड तालुक्यातील शेणोली येथे. ज्या चळवळीला इतिहासाने ‘सातारचे’ प्रतिसरकार म्हटले तिची अनेक प्रमुख गावे आज साताऱ्यात नाहीत. जिल्ह्याची हद्द बदलल्याने इतिहास शिकवताना कोणता संभ्रम निर्माण होतो याचे हे बोलके उदाहरण आहे.

५. पुनर्रचनेचा कायदा व त्याची दृष्टी

संविधानाच्या अनुच्छेद ८२ नुसार प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभा मतदारसंघांचे फेरसमायोजन अपेक्षित आहे. विधानसभांसाठी तशी तरतूद अनुच्छेद १७० मध्ये आहे. त्यासाठी १९५२, १९६२, १९७२ व २००२ असे चार कायदे झाले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २००० नंतरच्या जनगणनेपर्यंत गोठवली. पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यनिहाय जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवली, परंतु राज्यांतर्गत सीमा बदलण्यास वाट दिली. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची लोकसंख्या आधारभूत मानली. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आखलेली रचना १९ फेब्रुवारी २००८ पासून अमलात आली. १९७७ पासून तीन दशके स्थिर राहिलेला नकाशा अशा रीतीने एकदम बदलला.

२००२ च्या कायद्याने आयोगाला काही निकष घालून दिले होते. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावेत, नैसर्गिक रचना, विद्यमान प्रशासकीय घटकांच्या सीमा, दळणवळणाच्या सोयी व जनतेची सोय यांचा विचार व्हावा आणि प्रत्येक विधानसभा मतदारसंघ पूर्णतः एकाच लोकसभा मतदारसंघात असावा, असे हे निकष होते. या निकषांत ‘विद्यमान’ प्रशासकीय सीमेला स्थान आहे, पूर्वीच्या सीमेला नाही. सातारा व सांगली यांच्यामधील रेषा १९४९ चीच, तरीही कायद्याच्या दृष्टीने तीच प्रमाण ठरली. शंभर वर्षांचे एकत्रित प्रशासन, सामायिक सहकारी संस्था किंवा चळवळीचा वारसा यांना निकषांत नोंद नव्हती. कायद्याचा हा दोषच मानावा असे नाही. वारशाचे मोजमाप करता येत नाही आणि लोकसंख्येचे करता येते, ही त्यामागील व्यावहारिक बाजू आहे. एका मताचे मूल्य सर्वत्र शक्यतो समान राहावे हे तत्त्व लोकशाहीला प्राणभूत आहे.

आयोगाचे आदेश अंतिम असतात. अनुच्छेद ३२९ नुसार त्यांना न्यायालयात आव्हान देता येत नाही आणि १९६६ च्या मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. प्रत्येक राज्यातील पाच खासदार व पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असत, परंतु त्यांना मताधिकार नव्हता. लोकांना हरकती नोंदविण्याची संधी मसुद्याच्या टप्प्यावरच होती.

६. कराड का टिकले नाही? – आकड्यांची मीमांसा

कराड मतदारसंघाच्या विसर्जनाचे स्पष्टीकरण राजकीय हेतूंत शोधण्याआधी लोकसंख्येचे गणित पाहणे उचित ठरेल. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. २८८ जागांनी भागल्यास प्रत्येक विधानसभा मतदारसंघाची सरासरी सुमारे ३,३६,३८४ येते आणि ४८ जागांनी भागल्यास लोकसभा मतदारसंघाची सरासरी सुमारे २०,१८,३०५ येते.

सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २८,०८,९९४ होती. सरासरीने भागल्यास ८.३५ येतात, म्हणजे आठ जागा. सांगलीची लोकसंख्या २५,८३,५२४ होती. तेथे ७.६८ येतात, म्हणजे पुन्हा आठ जागा. पूर्वीच्या रचनेत साताऱ्यात दहा व सांगलीत नऊ, अशा एकूण एकोणीस जागा होत्या. तीन लोकसभा मतदारसंघांना लागणाऱ्या अठरा जागा भरून एक उरत असे. सातारा, कराड व सांगली ही तीन नावे या गणितावर उभी होती. नव्या रचनेत सोळाच जागा उरल्या. सोळांत सहा-सहाचे दोनच गट पूर्ण होतात आणि चार जागा शिल्लक राहतात. दोन्ही जिल्ह्यांची एकत्रित लोकसंख्या लोकसभेच्या २.६७ जागांपुरतीच होती. तिसरा मतदारसंघ केवळ या दोन जिल्ह्यांतून उभा राहणे अशक्य झाले होते.

तरीही शिल्लक चार जागांना शेजारच्या दोन जोडून कराड टिकवता आले नसते का, असा प्रश्न उपस्थित होतो. त्यासाठी शेजारी जिल्ह्यांची स्थिती पाहावी लागते. कोल्हापूरची लोकसंख्या ३५,२३,१६२ होती. तेथे दहा जागा आल्या, म्हणजे एक पूर्ण मतदारसंघ व चार शिल्लक. सोलापूरची लोकसंख्या ३८,४९,५४३ होती. तेथे अकरा जागा आल्या, म्हणजे एक पूर्ण मतदारसंघ व पाच शिल्लक. त्यांपैकी बार्शी उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात समाविष्ट झाली आणि चार उरल्या. कोल्हापूरच्या चार जागांना दोन हव्या होत्या आणि सोलापूरच्या चारांनाही दोन हव्या होत्या. सातारा व सांगली यांच्याकडे प्रत्येकी दोन अधिक होत्या. परिणामी सांगलीतील इस्लामपूर व शिराळा हे कोल्हापुरातील शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी व शिरोळ यांना जोडले जाऊन हातकणंगले मतदारसंघ तयार झाला. साताऱ्यातील फलटण व माण हे सोलापुरातील करमाळा, माढा, सांगोला व माळशिरस यांना जोडले जाऊन माढा मतदारसंघ तयार झाला. कराड उत्तर, कराड दक्षिण व पाटण हे वाई, कोरेगाव व सातारा यांच्यासह सातारा मतदारसंघात गेले. सांगली मतदारसंघात मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठे महांकाळ व जत हे विधानसभा मतदारसंघ आले.

या प्रक्रियेत कराडबरोबरच इचलकरंजी व पंढरपूर ही लोकसभा मतदारसंघांची नावेही नाहीशी झाली. विधानसभेच्या पातळीवर जावळी, खटाव, भिलवडी-वांगी, कवठे महांकाळ ही स्वतंत्र नावे लोपली. कराडचे विसर्जन ही चार जिल्ह्यांत मिळून झालेल्या फेरजुळणीतील एक कडी होती.

७. परिणामांचे मूल्यमापन

पुनर्रचनेने जिल्हा हा घटक एकसंध झाला असे म्हणता येत नाही. पूर्वी सातारा–सांगली ही सीमा ओलांडणारा मतदारसंघ होता. आता सांगली–कोल्हापूर व सातारा–सोलापूर या सीमा ओलांडणारे मतदारसंघ आहेत. जिल्ह्याची हद्द ओलांडणे थांबलेले नाही, ओलांडली जाणारी हद्द तेवढी बदलली. २००८ नंतर सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा भूभाग एकत्र असणारा एकही लोकसभा मतदारसंघ उरलेला नाही. जुन्या अखंड सातारा जिल्ह्याच्या दोन भागांना जोडणारा संसदीय दुवा त्यामुळे संपला.

नव्या जोडण्या निराधार होत्या असे मात्र म्हणता येणार नाही. वाळवा तालुका कृष्णा व वारणा या दोन नद्यांच्या मधला आहे. त्याचे एक तोंड कराडकडे, तर दुसरे वारणाकाठी कोल्हापूरकडे आहे. शिराळा व शाहूवाडी हे वारणेच्या दोन तीरांवरील शेजारी आहेत. त्याचप्रमाणे माणगंगा नदी माण तालुक्यात उगम पावून आटपाडीवरून सांगोल्याकडे जाते आणि दुष्काळाचे समान दुःख या तालुक्यांना जोडते. फलटण व माळशिरस हे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीमार्गावरील सलग तालुके आहेत. अर्थात कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील एक बंध सैल झाला आणि वारणा व माणगंगेच्या खोऱ्यांतील बंधांना निवडणुकीच्या नकाशावर स्थान मिळाले.

साताऱ्याच्या दृष्टीने कराड व पाटण हे जिल्ह्याच्या मुख्यालयाशी एकाच मतदारसंघात आले, हा प्रशासकीय लाभ होय. याउलट इस्लामपूर व शिराळ्याच्या मतदारांची जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा नियोजन समिती सांगलीला आहे, तर त्यांच्या खासदाराच्या मतदारसंघाचा मोठा भाग कोल्हापुरात आहे. फलटण व माणचीही अशीच द्विधा स्थिती आहे. खासदाराला दोन जिल्ह्यांच्या यंत्रणांशी व्यवहार करावा लागतो. सहापैकी दोनच विधानसभा मतदारसंघ असलेल्या भागाचा आवाज उमेदवारनिवडीत व विकासकामांच्या अग्रक्रमात किती ऐकला जातो, हा प्रश्न तेथील कार्यकर्ते प्रत्येक निवडणुकीत उपस्थित करतात. जुन्या कराड मतदारसंघात वाळवा व शिराळा यांना मतदारसंघाच्या नावात स्थान नव्हते. नव्या रचनेतही ते मिळालेले नाही. लोकसभेच्या नकाशावर दोन्ही वेळा या तालुक्यांची ओळख दुसऱ्याच्या नावाखाली झाकली गेली.

प्रतिनिधींच्या पातळीवर या बदलाचा एक उल्लेखनीय पडसाद २०१९ मध्ये उमटला. कराडचे अखेरचे खासदार श्रीनिवास पाटील त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील पोटनिवडणुकीत सातारा मतदारसंघातून विजयी झाले. मतदारसंघ संपला तरी त्यातून घडलेले नेतृत्व नव्या सीमांत आपली जागा शोधते, असे यावरून दिसते.

८. पुढील पुनर्रचनेच्या दिशेने

२००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. साताऱ्याची वाढ सुमारे ७ टक्के व सांगलीची सुमारे ९ टक्के होती. मुंबई-पुण्याकडील स्थलांतराची दीर्घ परंपरा हे या मंद वाढीमागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. २०११ च्या लोकसंख्येवर आणि २८८ जागा कायम धरून हेच गणित केल्यास साताऱ्याच्या वाट्याला ७.७० व सांगलीच्या वाट्याला ७.२३ जागा येतात, म्हणजे आठ व सात. सोळाऐवजी पंधरा. पुढील पुनर्रचना नव्या जनगणनेवर व कदाचित नव्या जागासंख्येवर होईल, त्यामुळे हे आकडे भाकीत म्हणून घेता येणार नाहीत. दिशा मात्र त्यांतून कळते. ज्या प्रदेशातून माणसे पोटासाठी बाहेर पडतात त्या प्रदेशाचे संसदीय वजनही त्यांच्याबरोबर बाहेर जाते. कराडचे विसर्जन या दीर्घ प्रक्रियेचा पहिला ठळक टप्पा ठरू शकतो.

निष्कर्ष

१) सातारा–सांगली प्रदेशातील निवडणूक-सीमा व प्रशासकीय सीमा यांची वाटचाल समांतर नाही. ‘दक्षिण सातारा’ हे नाव मतदारसंघाला आधी व जिल्ह्याला नंतर मिळाले, तर जिल्हे वेगळे झाल्यानंतरही कराड मतदारसंघाने त्यांचे काही भाग एकत्र ठेवले.

२) कराड मतदारसंघ हा कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील आर्थिक, सामाजिक व ऐतिहासिक एकात्मतेशी सुसंगत होता.

३) २००८ मधील त्याच्या विसर्जनाचे प्रमुख कारण लोकसंख्येच्या गणितात आहे. एकोणीस विधानसभा जागांवर उभी असलेली रचना सोळा जागांवर उभी राहू शकत नव्हती.

४) पुनर्रचनेने जिल्हा-सीमा ओलांडणारे मतदारसंघ कमी केले नाहीत. पूर्वीचा एक दुवा जाऊन दोन नवे दुवे आले.

५) समान लोकसंख्येचे तत्त्व अबाधित ठेवूनही सामायिक सहकारी संस्था, नदीखोरी व दळणवळण यांचा विचार पुनर्रचनेच्या निकषांत अधिक स्पष्टपणे करणे शक्य आहे. मसुद्यावरील हरकतींच्या टप्प्यावर स्थानिक संस्था, महाविद्यालये व अभ्यासकांनी असा दस्तऐवज मांडणे आवश्यक आहे.

कराडच्या प्रीतिसंगमावर दोन नद्या एकत्र येतात आणि पुढे एकाच नावाने वाहतात. कोणते पाणी कोणत्या नदीचे हे तेथून पुढे सांगता येत नाही. जुन्या सातारा जिल्ह्यातील गावांचे नातेही काहीसे तसेच आहे. मतदारयादी दर काही दशकांनी त्यांना वेगवेगळ्या नावांखाली मांडत राहील. अशा प्रत्येक मांडणीची नोंद ठेवणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे, कारण एकदा नकाशा बदलला की जुना नकाशा कोणाच्या लक्षात राहत नाही.